शुक्रवारी रात्री कोकणकन्या, रविवारी रात्री परत : दोन दिवसांत मुंबईत काय बघावं?

सड्यावरची

नमस्कार. आम्ही पाच जण रत्नागिरीत एस.वाय.बी.एस्सी.ला आहोत, तीन मुली आणि दोन मुलगे. नोव्हेंबरची परीक्षा आटपली की डिसेंबरातल्या एका शुक्रवारी रात्री कोकणकन्या पकडायची, शनिवार-रविवार मुंबई बघायची आणि सोमवारी सकाळी परत कॉलेजात, असं ठरलंय. जायची तिकिटं कन्फर्म आहेत. परतीची कोकणकन्या मात्र वेटिंगवर आहे आणि नंबर हलत नाहीये.

माझं घर संगमेश्वर तालुक्यात. मुंबईला लहानपणी एका लग्नाला गेले होते, पण हॉल सोडून काही पाहिल्याचं आठवत नाही. बाकी चौघांपैकी दोघांनी मुंबई पाहिलेलीच नाही. म्हणून प्रत्येकाने आपापली जागा सांगितली आणि यादी अशी झाली : गेटवे, घारापुरी, म्युझियम, मरीन ड्राइव्ह, राणीच्या बागेतले पेंग्विन, सिद्धिविनायक, हाजी अली, सी लिंक, वांद्र्याला नटांचे बंगले आणि जुहू. दोन दिवसांत हे सगळं बसेल का?

राहायचं म्हणाल तर माझी मावशी दिव्याला असते. आम्ही तिघी तिच्याकडे राहू शकतो. मुलांची सोय अजून नाही. हॉटेलं बघितली, पण प्रत्येकाकडे प्रवास धरून अडीच हजार रुपये आहेत, त्यात परवडत नाही. घरून परवानगी मिळाली आहे, पण बाबांची अट आहे की रात्री नऊपर्यंत मावशीच्या घरात असायचं. आजोबा रोज एकच सांगतात, लोकलला लटकू नका. ते स्वतः परळला गिरणीत होते, संपानंतर गावी आले ते कायमचे. आता ऐंशीच्या पुढे आहेत.

समुद्र आम्ही रोज बघतो, त्यामुळे नुसत्या चौपाट्या फिरण्यात मला तरी फार रस नाही. बाकीच्यांना आहे. कोणी नीट सांगेल का?

लोकल_पास

मी कल्याणहून रोज सीएसएमटीला जातो, तेव्हा लोकलचं तेवढं सांगतो.

रविवारी मध्य रेल्वेवर आणि हार्बरवर मेगाब्लॉक असतो. साधारण सकाळी अकरापासून दुपारी चारपर्यंत, कुठल्या स्टेशनांच्या मधे आणि कुठल्या मार्गावर ते दर आठवड्याला बदलतं. शनिवारी पेपरात येतं, रेल्वेही जाहीर करते. ते वाचल्याशिवाय रविवारचा बेत पक्का करू नका. शिवाय रविवारी मुळात गाड्याच कमी असतात. दिव्याहून निघायचं तर साडेनऊच्या आत गाडीत बसलेलं बरं. स्लो गाडीने सीएसएमटीपर्यंत सव्वा तास धरा. काही फास्ट दिव्याला थांबतात, पण आत शिरायला जागा मिळेल या भरवशावर राहू नका.

तुम्ही तिघींनी सरळ लेडीज डब्यात चढा. प्लॅटफॉर्मवर खांबांना पट्टे रंगवलेले असतात, त्यावरून डबा कुठे येणार ते कळतं, आणि नाही कळलं तर उभ्या असलेल्या बायकांना विचारा, त्या हाताला धरून चढवतात. मुलांनी शेजारच्या डब्यात चढायचं आणि कुठे उतरायचं ते आधी ठरवून ठेवायचं, कारण गर्दीत फोन उचलता येत नाही. फर्स्ट क्लासचा डबा बाहेरून तसाच दिसतो. घाईत त्यात शिरलात तर दंड भरावा लागेल. तिकीट मोबाइलवर निघतं. दिवसभर चढ-उतार करायची असेल तर एक दिवसाचं टुरिस्ट तिकीटही मिळतं, ते खिडकीवर मागा.

आजोबा सांगतात ते मनावर घ्या. जून २०२५ मध्ये दिवा आणि मुंब्र्याच्या मधे वळणावर दारात उभे असलेले प्रवासी खाली पडले आणि जीव गेले. तुमची मावशी ज्या मार्गावर राहते तोच हा मार्ग. गाडी भरलेली असेल तर सोडून द्या, पुढची येते.

परतीसाठी तुतारी बघा. दादरहून रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी सुटते, म्हणजे रविवारी रात्री बसायचं असेल तर तिकीट सोमवारच्या तारखेचं काढायचं. इथे पुष्कळ जण चुकतात आणि गाडी आदल्या रात्रीच निघून गेलेली असते.

मोराबंदर

घारापुरीवर सांगायला मला आवडेल, कारण आमचं बेट आहे. बघणारे मुंबईहून येतात, पण बेट रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात. म्हणजे तुम्ही कोकणातून निघून मुंबईमार्गे परत कोकणातच येणार.

गेटवेवरून लाँच सकाळी नऊच्या सुमारास सुरू होतात, एक तास लागतो. येण्याजाण्याचे अडीचशे-पावणेतीनशे रुपये आणि लेण्यांचं तिकीट चाळीस रुपये. सोमवारी बंद, पण तुमचा तो प्रश्न नाही. पहिल्या-दुसऱ्या लाँचने या. अकरानंतर गर्दी होते आणि लेण्यात शांतपणे उभं राहता येत नाही. धक्क्यापासून चालत या, मग शंभरावर पायऱ्या आहेत, दोन्ही बाजूंनी दुकानं. हातात खायचं काही धरू नका, माकडं ओढून नेतात. लाँचमध्ये लाइफ जॅकेट देतील ते घाला आणि उतरेपर्यंत काढू नका. डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेहून निघालेल्या लाँचला स्पीडबोट धडकून माणसं गेली.

तू म्हणतेस समुद्र रोज बघतो. समुद्रासाठी येऊच नकोस. आत शिरल्यावर थोडा वेळ काही दिसत नाही, डोळे अंधाराला सरावावे लागतात. मग समोरच्या भिंतीत शंकराची तीन मुखं हळूहळू दिसायला लागतात, जवळजवळ वीस फूट उंच. मधलं मुख डोळे मिटलेलं आहे, त्याच्या ओठांकडे बघ. एक बाजू उग्र, एक बाजू बाईसारखी कोवळी. सहाव्या शतकाच्या सुमारास हे डोंगरातून कोरून काढलंय. उजेड फक्त दारांतून येतो, त्यामुळे दिवस चढतो तसा चेहरा बदलतो. फोटो काढायच्या आधी पाच मिनिटं नुसतं बघा, एवढी माझी विनंती.

आणि एक. पोर्तुगीजांनी या बेटाला एलिफंटा म्हटलं ते इथल्या दगडी हत्तीवरून. तो हत्ती आता बेटावर नाही. १८६४ मध्ये इंग्रज तो विलायतेला न्यायला निघाले, उचलताना तुटला. तुकडे मुंबईत आणले, पुढे जोडले आणि आता तो राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या शेजारी उभा आहे. पेंग्विन बघायला जाणारच असाल तर आमचा हत्तीही बघा. बेटावरच्या तिन्ही गावांत समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज आली ती २०१८ मध्ये. एवढी माणसं रोज बघायला येत होती आणि संध्याकाळी शेवटची लाँच गेली की आम्ही जनरेटरवर. हे कोणी गाइड सांगत नाही, म्हणून लिहिलं.

तवसाळचा

आम्ही कॉलेजचा ग्रुप मागच्या वर्षी जाऊन आलो. माझं मत वेगळं आहे. घारापुरीत अर्धा दिवस जातो. त्यापेक्षा वांद्रे, जुहू आणि सी लिंक एकत्र करा, मित्रांना तेच बघायचं असतं. सी लिंकवर चालत जाता येत नाही, रिक्षाही जात नाही, त्यामुळे पाच जणांत टॅक्सी करा किंवा वांद्र्याच्या किल्ल्यावरून बघा, तिथून पूर्ण दिसतो. बंगल्यांबाहेर मात्र गेट आणि गर्दी याखेरीज काही दिसलं नाही. आमच्यातला एक जण अजूनही म्हणतो की गॅलरीत हात दिसला होता.

भूक लागली की सीएसएमटीसमोर आराममध्ये वडापाव, धोबी तलावाला कयानीत बन मस्का आणि चहा. कयानी १९०४ पासून आहे. दादरला प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पीयूष. या तिन्ही ठिकाणी पोट भरतं आणि खिसाही रिकामा होत नाही.

काळाचौकी

सड्यावरची, तुझा प्रश्न वाचला आणि लिहिल्याशिवाय राहवेना. बाय, तू दहा जागांची यादी दिलीस, आणि आजोबा परळला गिरणीत होते ते एका ओळीत सांगून पुढे गेलीस. मी तिथेच अडकले.

माझे वडील लांजा तालुक्यातले. वीव्हिंग खात्यात साचे, म्हणजे माग, चालवायचे. आमचा जन्म काळाचौकीतला. आमच्या लहानपणी घड्याळ कोणी बघायचं नाही, भोंगा झाला की कळायचं कितवी पाळी सुटली. रस्ते धड नव्हते, रेल्वे तर नव्हतीच, तेव्हा आपली माणसं हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरीहून बोटीने यायची आणि भाऊच्या धक्क्याला उतरायची. डोक्यावर ट्रंक, काखेत वळकटी. उतरून थेट गावकीच्या खोलीवर. एका खोलीत एका गावाची वीस-पंचवीस माणसं. पाळ्या वेगळ्या म्हणून मावायची, एक जण उठून कामावर गेला की दुसरा त्याच जागेवर आडवा व्हायचा. जेवण खानावळवालीकडे. पगारातून गावी मनिऑर्डर. गणपती आणि शिमग्याला गावी. तुमच्या गावातलं देऊळ, शाळेची खोली, साकव, यांच्या पाट्या नीट वाच. कुठेतरी 'मुंबई मंडळ' लिहिलेलं सापडेल. तो पैसा त्या खोल्यांतून आलेला आहे.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. कोणी भाजी विकायला बसलं, कोणी वॉचमन झालं, कोणी तुझ्या आजोबांसारखं गावी परतलं. माझ्या वडिलांनी शेवटपर्यंत त्या गेटवरून जाताना मान वळवली नाही. हे तुला कुठल्या टूरवाल्याच्या गाडीतून दिसणार नाही, म्हणून मी सांगते.

आता दोन दिवस कसे करायचे ते ऐक. यादीतल्या निम्म्या जागा सोड. मुंबई दक्षिणेकडून उत्तरेकडे लांबच लांब आहे, जुहू आणि गेटवे एका दिवसात केलंत तर दिवस गाडीतच जाईल. शनिवारी दक्षिण टोक, रविवारी परळ-दादर, एवढंच कर. जुहू-वांद्रे पुढच्या वेळी.

शनिवारी पहाटे सीएसएमटीला उतराल. वेटिंग रूममध्ये तोंड धुवा, बॅगा क्लोक रूममध्ये ठेवा. बॅगेला कुलूप हवं आणि तिकीट, ओळखपत्र जवळ हवं. मग बाहेर या आणि रस्ता ओलांडून पालिकेच्या इमारतीच्या बाजूने उभ्या राहून स्टेशन बघा. फ्रेडरिक स्टीव्हन्सने बांधलं, १८७८ ला काम सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. पालिकेची इमारतही त्याचीच. दगडात मोर, माकडं, पालापाचोळा सगळं कोरलंय, ते सकाळच्या उन्हात बघायचं. तिथून गेटवे, घारापुरी. मोराबंदर म्हणतायत ते खरं आहे, ते सोडू नकोस.

दुपारी परत आलात की म्युझियम. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय गेटवेवरून चालत दहा मिनिटांवर आहे, संध्याकाळी सहाला बंद होतं. विद्यार्थ्यांना तिकिटात सवलत असते, कॉलेजचं ओळखपत्र न्या. सगळी दालनं बघायला जाऊ नका, शिल्पांचं दालन आणि लघुचित्रं बघा, पाय दुखायच्या आत बाहेर पडा. पुढे काळा घोडा, राजाबाई टॉवर, आणि हुतात्मा चौक. तिथे मशाल धरलेले कामगार आणि शेतकरी आहेत. २१ नोव्हेंबर १९५५ ला तिथे संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला. गिरणगावातली किती माणसं त्या मोर्चात होती ते आमच्या चाळीतले म्हातारे सांगायचे.

मग चर्चगेटवरून मरीन ड्राइव्ह. जमलं तर गिरगाव चौपाटीपर्यंत चाला. टिळक रत्नागिरीत जन्मले आणि १९२० मध्ये त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले ते या चौपाटीवर, तिथे पुतळा आहे. टिळक आळीवरून तुम्ही रोज जात असाल. तिथून गिरगावातून मेट्रो घ्या, सीएसएमटीला उतरा, बॅगा घ्या आणि साडेसातच्या आत लोकलमध्ये बसा. बाबांचे नऊ पाळायचे तर यापेक्षा उशीर नको.

मुलांच्या राहण्याचं. तुमच्यापैकी ज्याच्या गावाचं मुंबईत ग्रामस्थ मंडळ आहे त्याच्या घरच्यांनी मंडळाच्या माणसाला फोन करावा. गावकीच्या खोल्या अजून आहेत. भरतीला, इंटरव्ह्यूला, दवाखान्याच्या कामाला आलेली मुलं तिथे उतरतात. खोलीत पुरुषच असतात, त्यामुळे मुलींना नाही, पण मुलांची शनिवारच्या रात्रीची सोय होईल. चादर आपली न्यायची, सकाळी लवकर उठून जागा करायची, नळाला पाणी यायची वेळ विचारून घ्यायची. हॉटेल शोधायच्या आधी हे करा.

रविवारी सकाळी भायखळ्याला उतरा. राणीची बाग, पेंग्विन, हत्ती. मग आंबेडकर रोडने उत्तरेकडे चालत लालबागला या. चिवडा गल्ली आहे, घरी न्यायला तिथूनच चिवडा घ्या. पुढे भारतमाता थिएटर, तिथून आत करी रोडकडे. वाटेत उंच काचेच्या इमारतींच्या मधे एखादी जुनी चिमणी दिसेल, ती गिरणीची. आजोबांना जाण्याआधी विचार, कुठली गिरणी, कुठलं खातं, राहायला कुठे होते. आणि इथे लिही. मला पत्ता सांगता आला तर सांगेन.

सड्यावरची

सगळ्यांचे खूप आभार. काकी, तुमचं उत्तर मी आजोबांना फोनवर पूर्ण वाचून दाखवलं. मधेच 'थांब' म्हणाले आणि आजीला बोलावून घेतलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. ते स्पिनिंग खात्यात होते. राहायला डिलाईल रोडला, बीडीडी चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. गावकीचीच खोली होती. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. चाळीचा नंबर त्यांना पटकन आठवला नाही, पण खालच्या पिठाच्या गिरणीचा आवाज आणि शेजारच्या खोलीतलं भजन आठवलं. रात्री पुन्हा फोन करून नंबर सांगितला.

आम्ही पाचही जण बोललो. जुहू आणि बंगले काढले. यावर थोडं भांडण झालं, पण ज्याला बंगले बघायचे होते त्याचे पणजोबाही गिरणीत होते असं त्याच्या आईकडून कळलं, मग तोच म्हणाला डिलाईल रोडला जाऊ. मुलांची खोली ठरली, लालबागला, माझ्या मित्राच्या गावची. परतीचं तुतारीचं तिकीट सोमवारच्या तारखेचं काढलं, कन्फर्म मिळालं.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. डिलाईल रोडला त्या चाळी अजून उभ्या आहेत का? आणि अनोळखी माणसांच्या चाळीत असं वर चढून जाणं बरं दिसेल का?

काळाचौकी

काही उभ्या आहेत, काही पाडल्या. पुनर्विकास चालू आहे, टॉवर बांधतायत. वरळीच्या बीडीडीतल्या काही लोकांना २०२५ मध्ये नवीन घरांच्या किल्ल्या मिळाल्यात, इथेही काम चाललंय. म्हणून आताच जा. शंभर वर्षांच्या चाळी आहेत, तळमजला आणि वर तीन मजले, एका मजल्यावर वीस खोल्या, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. संडास मजल्यावर सामाईक. आजोबा ज्या खोलीत राहिले ती किती लहान होती ते दारात उभं राहिलं की कळेल.

रस्त्याचं नाव आता ना. म. जोशी मार्ग. करी रोड स्टेशनवरून पूल ओलांडून पश्चिमेला उतरा, चालत जवळ आहे. एल्फिन्स्टनचा पूल पाडल्यापासून करी रोडच्या पुलावर गाड्यांची गर्दी असते, कडेने चाला. चाळीचा नंबर कोणालाही विचारा, टपरीवालाही सांगेल.

वर चढून जायला काही हरकत नाही, पण थेट चढू नका. खाली मंडळाचं ऑफिस किंवा कट्टा असतो, तिथे बसलेल्या माणसांना आधी नमस्कार करून सांगा : आम्ही संगमेश्वरहून आलोय, आजोबा अमुक चाळीत तमुक गावच्या खोलीवर राहायचे. गावाचं नाव घेतलं की पुढचं तेच करतील. खोलीत कोणी झोपलेलं असेल तर रातपाळीचा माणूस असेल, आवाज करू नका. फोटो विचारून काढा. चाळ पाडलेली असेल तर तिथल्या रहिवाशांना कुठे हलवलंय तेही त्यांच्याकडूनच कळेल.

शक्य असेल तर तिथूनच आजोबांना व्हिडिओ कॉल लाव. दुपारी बारा ते दोन सोडून, तेव्हा म्हातारी माणसं आडवी होतात. संध्याकाळी परळहून दादरला या, शिवाजी पार्कला बसा, सिद्धिविनायकाला जायचं असेल तर दादरहून मेट्रोचं एकच स्टेशन आहे. तुतारीला अकराच्या आत प्लॅटफॉर्मवर असा. आणि रविवारी रात्री मावशीकडे परतायचं नाही, दादरहूनच गाडी आहे, हे बाबांना आधी सांगून ठेव. दादरला माझा भाचा राहतो, काही अडलं तर मला इथे खाजगी मेसेज कर, त्याचा नंबर देईन.